भाडेकरू पारखायचा कसा आणि मालक अडकतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा आलाय. पुण्यात गुंतवणूक म्हणून दुसरा टू बीएचके घेतला, ताबा मिळाला, हप्ता सुरू झालाय म्हणून लवकर भाड्याने द्यायचाय. ब्रोकरने एक जोडपं आणलंय, दोघंही आयटीत, भाडं २५ हजार आणि डिपॉझिट एक लाखाला तयार आहेत. ब्रोकर म्हणतो अकरा महिन्यांचं नोटरी करून टाकू, रजिस्ट्रेशनच्या भानगडीत कशाला पडता, उद्या टोकन घ्या. तर माणसं नीट आहेत हे तपासायचं कसं आणि कायद्याने आपण कुठे अडकू शकतो, असं विचारलंय.

मी वकिली करते, वीसेक वर्षं झाली, त्यातली बरीचशी मालक-भाडेकरूंच्या भांडणात गेली, दोन्ही बाजूंनी उभी राहिलेय. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक मालक पहिलं वाक्य हेच बोलतो की मॅडम, माणूस ओळखायला चुकलो. मग फाईल उघडते तर माणूस काही वाईट नव्हता, चांगला दीड वर्ष वेळेवर भाडं देत होता, मधे नोकरी गेली किंवा धंदा बसला किंवा घरात फाटलं आणि गाडी घसरली. हे आधी कुणालाच ओळखता येत नाही, मलाही नाही. चूक असते ती कागदात. म्हणून मी भाडेकरू तपासताना एकच प्रश्न डोक्यात ठेवायला सांगते: हा माणूस उद्या भाडं द्यायचा थांबला आणि फोन उचलेनासा झाला, तर याला समन्स कुठे बजावायचं हे आज मला माहितीय का? याचं उत्तर नीट मिळवायला गेलात की तपासणी आपोआप होते, कारण ज्याला लपवायचंय तो नेमका इथेच अडखळतो.

आधी ब्रोकरचं नोटरीचं संपवू. अकरा महिन्यांची ही पद्धत आली कुठून, तर १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली, आणि देशभर ती चालते. पण महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू, आणि त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीपुरती वापरायची परवानगी) असो की भाडेकरार, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिने असो, सहा असो, तीन असो. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी भाडेकरूवर नाही, मालकावर आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता तुरुंगात गेलेला मालक मी तरी पाहिलेला नाही, त्यामुळे त्या भीतीने करा असं नाही म्हणणार. खरा दणका त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात आहे: नोंदवलेला करार नसेल तर जागा कुठल्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो उभा राहून म्हणाला की भाडं २५ नाही १० ठरलं होतं, मुदत पाच वर्षांची होती, डिपॉझिट तीन लाख रोख दिलंय, तर ते खोटं पाडायची जबाबदारी तुमची. नोटरीचा शिक्का त्यात तुम्हाला वाचवत नाही. नोटरी फक्त एवढंच सांगतो की सही माझ्यासमोर झाली.

आणि नोंदणीचा हा खर्च वाचवायचा कशासाठी? तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडते. अकरा महिन्यांचं भाडं २ लाख ७५ हजार, परत करायच्या एक लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज नऊ हजारांच्या आसपास, दोन्ही मिळून जे येतं त्याच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. म्हणजे सातशेच्या पुढे-मागे. नोंदणी फी शहरात १०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटचे मशीन घेऊन घरी येण्याचे पैसे. सगळं घरबसल्या होतं, आधारवर अंगठा आणि फोटो. ब्रोकरला नोटरी हवी असते कारण ती अर्ध्या तासात होते आणि त्याची दलाली त्याच दिवशी खिशात पडते, बाकी त्यात तुमचा काहीही फायदा नाही.

नोंदवलेल्या कराराने मिळतं काय तर कलम २४. राहायला लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही तर तुम्हाला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं झिजावं लागत नाही, भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथे करारात लिहिलेल्या गोष्टी निर्णायक पुरावा मानतात, आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने. शिवाय समोरच्याला केस लढायची असेल तर आधी समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते, ती नाही मागितली तर तुमचं म्हणणं कबूल धरून खाली करायचा हुकूम होतो. तीस दिवस मोजायचे ते समन्स बजावल्यापासून. आता मी सुरुवातीला पत्त्याचं का म्हटलं ते लक्षात आलं असेल. मालकांची निम्मी रड कोर्ट हळू चालतं ही नसते, समन्स परत आलं ही असते. जागेला कुलूप, माणूस गायब, सामान आत, आणि करारात कायमचा पत्ता म्हणून लिहिलेला असतो आधीच्या भाड्याच्या घराचा पत्ता! तिथला शिपाई सांगतो, ते तर दोन वर्षांपूर्वीच गेले.

एक मात्र लक्षात ठेवा, कलम २४ फक्त राहण्याच्या जागेला आहे. दुकान, ऑफिस, गोडाऊन लायसन्सवर दिलं तर हा सोपा रस्ता नाही, स्मॉल कॉजेस कोर्टात जावं लागतं. आणि कंपनीला फ्लॅट दिला म्हणजे निश्चिंत असंही समजू नका. बँका, सरकारी कंपन्या, परदेशी दूतावास, एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्या यांना दिलेल्या जागांना हा कायदाच लागू नाही, तिथे करारातली वाक्यंच तुमचा कायदा, त्यामुळे तो करार कॉपी पेस्ट करू नका.

आता तपासणी.

पगाराची स्लिप बघू नका असं नाही, पण स्लिप काय, कुणीही कॉम्प्युटरवर बनवतं. मी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागायला सांगते, आणि जमलं तर समोर बसून त्याच्याच मोबाईलवर बँकेचं ॲप उघडून दाखवायला सांगायचं, शिल्लक रकमेचा आकडा झाकला तरी चालेल, पगार जमा झालेल्या ओळी दिसल्या पाहिजेत. त्यात पगार कुठल्या तारखेला येतो, हप्ते किती जातात, आणि आत्ताच्या घरमालकाला भाडं दर महिन्याला जातं की तीन महिन्यांचं एकदम गेलंय, हे सगळं दिसतं. शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे, कारण मागची सवय हीच पुढची सवय. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल तर मी दोनदा विचार करते. दोघं कमावते असतील तर एकाच्या पगारावर भाडं निघतं का तेही बघा.

सिबिलबद्दल बरेच जण विचारतात. तुम्ही घरमालक म्हणून दुसऱ्याचा क्रेडिट रिपोर्ट परस्पर काढू शकत नाही, कोणी एजंट पाचशे रुपयात काढून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. पण भाडेकरू स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढून दाखवू शकतो, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात ३०० ते ९०० मधला तो आकडा बघून लगेच हो-नाही करू नका, हप्ते किती आणि किती उशिरा भरलेत तो भाग वाचा. नुकती नोकरी लागलेल्या पोरांचा इतिहासच नसतो, त्यांच्या बाबतीत आई-वडिलांपैकी कोणाला तरी जामीनदार म्हणून कागदावर घ्या, म्हणजे कायमचा पत्ताही आपोआप मिळतो.

आधार घ्याल तेव्हा मास्क केलेलं चालतं, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात, आणि क्यूआर कोड स्कॅन करून फोटो आणि नाव जुळतंय का बघा. झेरॉक्सवर कशासाठी घेतली आणि तारीख लिहा. दुसऱ्याची कागदपत्रं ही तुमच्याकडची ठेव आहे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची वस्तू नाही, आणि हे मी हसत नाही सांगत, असं करणारे सेक्रेटरी पाहिलेत.

सगळ्यात जास्त कामाची गोष्ट म्हणजे आधीच्या मालकाला फोन. आत्ताच्या नाही, त्याच्या आधीच्या. आत्ताच्या मालकाला हा जायला हवा असेल तर तो देव आहे म्हणून सांगेल. आणि फोनवर कसे आहेत हो, असं विचारायचं नाही, त्याला काय, चांगले आहेत म्हणेल. मी विचारते, डिपॉझिटमधून किती कापलं? खऱ्या मालकाला हा आकडा पाठ असतो, रंगाचे आठ हजार, गीझरचे दीड, असं धडाधड सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या एका ओळखीच्या काकूंचा फ्लॅट द्यायचा होता, भाडेकरूने आधीच्या मालकाचा म्हणून नंबर दिला, मी त्यांच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. समोरचा एकदम गोड बोलत होता. म्हटलं, तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर? दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, तिसऱ्या. म्हटलं, आणि ॲग्रीमेंट कुठल्या महिन्यात संपलं? तर मागे कोणीतरी हळूच म्हणालं, मार्च सांग. काकूंनीच फोन कट केला. आणि हा जुना नोंदवलेला करार तर मागायचाच, कारण त्यावर आधीच्या मालकाचं नाव, पत्ता, तारखा सगळं असतं. करारच नाही म्हणाला, नोटरी होतं म्हणाला, तर त्यात त्याचा दोष नसेलही, पण मग बाकीची तपासणी दुप्पट करा.

ई-कोर्ट्सच्या साईटवर नाव टाकून कोर्टकेस शोधता येतात, शोधा, पण आपल्याकडे एका नावाची शंभर माणसं असतात, त्यामुळे केस दिसली म्हणून लगेच नाकारू नका, पत्ता जुळवून बघा, थेट विचारा. चेक बाऊन्सची केस असेल तर मात्र मी सरळ नाही म्हणेन.

पोलिसांना कळवणं हे वेगळं. लोक त्याला पोलीस व्हेरिफिकेशन म्हणतात आणि समजतात की पोलिसांनी माणूस पास केला. तसं काही नाही, ती मुख्यतः तुम्ही दिलेली माहिती असते, ऑनलाईन भरता येते. पोलीस आयुक्त किंवा जिल्हा प्रशासन हुकूम काढतं, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेच्या १६३ खाली, आणि तो मोडला तर गुन्हा मालकावर. पण फॉर्म भरण्याचं खरं कारण दंड नाही. उद्या तुमच्या फ्लॅटमध्ये काही भलतंच चालू सापडलं, कुंटणखाना म्हणा, अमली पदार्थ म्हणा, तर त्या दोन्ही कायद्यांमध्ये जागेच्या मालकालाही आरोपी करायची सोय आहे, माहीत असून जागा दिली किंवा चालू दिलं तर. माहीत नव्हतं हे तुम्ही कशाने दाखवणार? वेळेवर भरलेला फॉर्म, नोंदवलेला करार, आणि मधून मधून कळवून जागा बघून आल्याचे मेसेज, याने. परदेशी नागरिक असेल तर तो राहायला आल्याची माहिती (जिला लोक सी फॉर्म म्हणत आलेत) २४ तासांत ऑनलाईन भरायची, ते विसरणारे खूप.

आणखी एक नवीन डोकेदुखी आलीय. भाडेकरू तुमचं लाईट बिल आणि करार जोडून त्या पत्त्यावर जीएसटी नंबर किंवा कंपनी काढतो, मग तो निघून जातो आणि नोटिसा तुमच्या फ्लॅटवर येत राहतात. करारात स्पष्ट लिहा की जागा फक्त राहण्यासाठी, इथे कुठलीही व्यवसाय नोंदणी करायची नाही, आणि पोटभाड्याने किंवा रोजच्या भाड्याने पाहुणे ठेवायचे नाहीत.

आता नाकारण्याबद्दल, कारण यात लोक बिनधास्त काहीही बोलतात. आपल्याकडे खासगी मालकाने कोणाला घर द्यावं यावर सरसकट एक कायदा नाही, घटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. पण म्हणून काहीही चालतं असं नाही. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्यात आणि २०१७च्या एचआयव्ही-एड्सच्या कायद्यात, त्या कारणावरून घर भाड्याने नाकारणं हे भेदभाव म्हणून स्पष्ट बंद केलंय. जातीवरून चारचौघांत किंवा ग्रुपवर काही बरळलात तर ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहेच. माझं स्वतःचं मत विचाराल तर, वीस वर्षांत थकबाकीच्या फाईलींमध्ये मला कुठल्या एका जातीचे, धर्माचे किंवा फक्त बॅचलर लोक दिसलेले नाहीत, सगळे सारखेच थकवतात. निकष पैशाचे आणि कागदाचे ठेवा, सगळ्यांना तेच लावा. सोसायटी म्हणाली की बॅचलर चालणार नाहीत तर त्यांना लेखी मागा, बहुतेक वेळा लेखी येत नाही. सोसायटीला तुम्ही परवानगी मागायची नसते, कळवायचं असतं, कराराची आणि पोलीस फॉर्मची प्रत द्यायची. त्यांना बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेलं) घेता येतं, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाही, पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत, १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. जास्त लावलं असेल तर भांडा.

डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर घेता येत नाही असा एक मेसेज फिरतो. तो २०२१च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमधला आहे, आणि तो केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे, राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. तसाच दुसरा, बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो. नाही होत. तो तुमच्या परवानगीने राहतोय, आणि परवानगीने राहणाऱ्याचा कब्जा हा विरोधी कब्जा, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघड ठेवलेला ताबा, धरत नाहीत. ही भीती आपल्या घराघरात आहे त्याला कारण मात्र आहे: १९७३ साली मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना संरक्षित भाडेकरू करून टाकलं होतं. ज्यांची घरं तेव्हा गेली त्यांची नातवंडं अजून फ्लॅट बंद ठेवतात पण भाड्याने देत नाहीत. १९९९च्या कायद्याने कलम २४ ठेवलंय, त्यामुळे आजची परिस्थिती ती नाही.

मालक सगळ्यात जास्त कुठे फसतो? भाडं थकल्यावर. डोकं फिरतं आणि स्वतःच न्याय करायला जातो. एक गृहस्थ, निवृत्त, स्वभावाने अगदी साधे, भाडेकरूने चार महिने थकवलेले, करार नोंदवलेला, मुदत संपलेली, म्हणजे केस अगदी हातातली. शनिवारी संध्याकाळी यांनी खाली जाऊन मीटरचा कटआऊट (फ्यूज) काढला आणि खिशात घालून घरी नेला. त्यांना वाटलं सोमवारपर्यंत निघून जाईल. आत दोन वर्षांचं बाळ. सोमवारी तो भाडेकरू कोर्टात, अंधारातल्या बाळाचे फोटो घेऊन, आणि सगळी केस उलटी फिरली, थकबाकी राहिली बाजूला आणि माझे अशील खुलासा देत बसले की कटआऊट माझ्या खिशात का होता. वीज आधी जोडायला लागली ती लागलीच. पाणी, वीज, लिफ्ट या गोष्टी कायद्याने अत्यावश्यक आहेत, कलम २९ वाचा. तसंच कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं: कायद्याचा मार्ग सोडून कोणालाही ताब्यातून काढलं तर त्याला १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच विचारत नाहीत, फक्त ताबा कोणाचा होता आणि कसा काढला एवढंच बघतात.

थकलं की काय करायचं ते कंटाळवाणं आहे पण चालतं. पहिल्याच महिन्यात लेखी मेसेज, दुसऱ्या महिन्यात वकिलाची नोटीस, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, जागेच्या आणि कायमच्या अशा दोन्ही पत्त्यांवर. डिपॉझिटमधून वळतं करा असं म्हणतील, करू नका, नुकसान आणि लाईट बिलं त्यातूनच भागवायची असतात, चार महिने वळते केले की हातात काही उरत नाही. मधेच करार संपवायचं कलम घातलेलं असतं, वापरता येतं, पण मुदत संपल्याची केस जितकी सरळ जाते तितकी ही जात नाही, म्हणून मी अनोळखी माणसाला पहिल्यांदा अकरा महिनेच द्या म्हणते, सलग तीन वर्षांचा करार करून अडकू नका. अकरा महिन्यांचा उपयोग एवढाच. आणि मुदत संपल्यावर नवा करार न करता भाडं खात्यात येऊ देत राहणं ही फार मोठी घाण सवय आहे, पुढे तोंडी मुदतवाढ दिली होती म्हणायला त्याला आयती जागा मिळते. संपायच्या महिनाभर आधी कॅलेंडरवर खूण करा.

छोट्या गोष्टी पटकन. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर करारावर दोघांच्या सह्या, वडिलांच्या नावावर असेल तर मुलाने मालक म्हणून सही करायची नाही, तसा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र लागतं. कर्ज असेल तर बँकेच्या कागदात भाड्याने देण्याबद्दल काय अट आहे ते वाचा. भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारला भरायचा कर) कापायचा असतो, तो कापला म्हणून भांडू नका. सगळं बँकेतून घ्या, रोख घेतलेलं डिपॉझिट हे पुढच्या भांडणाचं बी आहे.

आता तुमच्या त्या जोडप्याबद्दल. ब्रोकर बहुतेक करार एकट्या नवऱ्याच्या नावाने बनवेल, कारण एकच अंगठा, एकच फोटो, काम लवकर. हे होऊ देऊ नका. माझ्याकडे एक केस होती, करार नवऱ्याचा, वर्षभरात दोघांचं बिनसलं, नवरा दुसऱ्या शहरात गेला आणि भाडं थांबवलं, बायको मुलीला घेऊन फ्लॅटमध्येच. मालक तिच्याकडे भाडं मागायला गेले तर ती म्हणाली, मी कुठे सही केलीय? आणि तिचं चूक नव्हतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात भाड्याचं घर हेही सामायिक घर धरतात, तिने त्या कायद्याखाली अर्ज टाकलेला, त्यामुळे मालकाला त्या दोघांच्या भांडणात नाहक हजर राहावं लागलं. ती जागा शेवटी मिळाली, पण जी केस काही महिन्यांची होती ती खूप लांबली. दोघांनी सही केलेली असती तर भाड्याची जबाबदारीही दोघांची असती आणि समन्सही दोघांना गेलं असतं.

म्हणून उद्या टोकन घेऊ नका. ब्रोकरला सांगा की दोघांची नावं करारात, दोघांचे कायमचे पत्ते म्हणजे आई-वडिलांच्या घरचे, दोघांच्या ऑफिसचे पत्ते, जुना करार आणि बँक स्टेटमेंट, हे आलं की त्याच दिवशी नोंदणीचा माणूस घरी बोलवू, खर्च मी देतो किंवा निम्मा-निम्मा करू. आयटीतली खरी माणसं याला दोन दिवसांत हो म्हणतात, उलट ती तुमच्याकडे इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा) मागतात, आणि मागितलं तर द्या, ते चांगलं लक्षण आहे. ब्रोकर दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणून घाई करेल, करू दे. किल्ली मात्र अंगठे होऊन नोंदणीची प्रत हातात आल्यावरच, आणि देताना मीटरचं रीडिंग, नळ, गीझर, भिंती यांचा एक व्हिडिओ काढून त्यांच्यासमोरच त्यांना पाठवून ठेवा.